ठराव झाल्यावर बोलायचं की नाही?

(पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हाच वाचा.)

"एकदा ठराव झाला की झाला. मग बोंबलायचं काम नाही."

ग्रामसभा असो, सोसायटीची बैठक असो नाहीतर नगरपरिषद, हे वाक्य बातमीदारीच्या इतक्या वर्षांत मी कितीदा ऐकलं त्याचा हिशोब नाही. गंमत अशी की हे म्हणणारा नेहमी जिंकलेला असतो. तोच माणूस पुढच्या खेपेला हरला की तहसीलसमोर मंडप टाकून बसलेला दिसतो. मग त्याला लोकशाही आठवते, संविधान आठवतं, बाबासाहेबही आठवतात. आपल्या मुखेडातच असं आहे असं समजू नका. जगात सगळीकडं हेच.

ब्रिटनचं बघा. २३ जून २०१६ ला त्या देशानं युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर सार्वमत घेतलं. मतदान ७२ टक्के. बाहेर पडा म्हणणारे सुमारे १ कोटी ७४ लाख, राहा म्हणणारे १ कोटी ६१ लाख. टक्क्यांत ५१.९ विरुद्ध ४८.१. निकाल लागला तसे हरलेले लोक रस्त्यावर आले. पुन्हा मत घ्या म्हणून पार्लमेंटकडे अर्ज गेला, त्यावर ४० लाखांच्या वर सह्या. जिंकलेले म्हणाले, हरलात ना, आता गप्प बसा, जनतेचा कौल माना.

पण त्या अर्जाची कथा मजेशीर आहे. तो अर्ज टाकला होता निकालाच्या आधी, आणि टाकणारा होता 'बाहेर पडा' वाल्यांपैकी एक. आपण थोडक्यात हरणार असं त्याला वाटत होतं, म्हणून त्यानं आधीच तजवीज करून ठेवली होती. निकाल उलटा लागला आणि त्याचाच अर्ज दुसऱ्या बाजूनं उचलला! 'बाहेर पडा' चे मोठे पुढारी नायजेल फराज, तेही मतदानाच्या महिनाभर आधी म्हणाले होते की ५२-४८ असा निकाल लागला तर हा विषय संपला असं आम्ही मानणार नाही. निकाल ५२-४८ च लागला, फक्त त्यांच्या बाजूनं. मग विषय संपला.

तर नियम काय? की जिंकलो तर कौल, हरलो तर कट? हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय. त्याचं उत्तर लंडनपेक्षा आपल्या अंगणात जास्त चांगलं सापडतं असं मला वाटतं. कारण आपल्या जिल्ह्यानं या प्रश्नाची किंमत मोजलेली आहे.

आधी गोव्याकडून येऊ. अशा तऱ्हेचा जनमत कौल आपल्या मराठी मुलखाच्या शेजारीच झाला, हे नव्या पोरांना माहीत नसतं.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटला. १९६३ ला पहिली निवडणूक झाली, ती महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानं जिंकली. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्षाच्या नावातच सगळं आलं: गोवा महाराष्ट्रात विलीन करा. १९६५ ला त्यांच्या विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव केला, इकडं आपल्या विधानसभेनंही केला. निवडून आलेलं सरकार, बहुमताचा ठराव. 'एकदा ठराव झाला की झाला' या न्यायानं गोवा तेव्हाच महाराष्ट्रात यायला पाहिजे होता.

पण जॅक सिक्वेरा आणि त्यांचा युनायटेड गोअन्स पक्ष गप्प बसले नाहीत. निवडणुकीत लोकांनी मत दिलं ते सरकार चालवायला, घरदार दुसऱ्याच्या नावावर करायला नाही, असा त्यांचा सूर. थेट लोकांना विचारा. मोर्चे झाले, सभा झाल्या, दिल्लीच्या वाऱ्या झाल्या. शेवटी १९६६ ला संसदेनं त्यासाठी खास कायदाच केला. मतमोजणीपर्यंत सरकारचा दबाव नको म्हणून बांदोडकरांनी डिसेंबर १९६६ ला राजीनामा दिला. आज असा राजीनामा मागून बघा कुणाला!

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. गोव्यात दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. महाराष्ट्रात चुटपुट लागली, गोव्यातही निम्म्याजवळ लोकांची छाती जड झाली असेल. पण खरा धडा पुढंच आहे. दोन-अडीच महिन्यांनी गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि हरलेल्या बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा निवडून आला. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री. त्याच लोकांनी, त्याच वर्षी, एका हातानं विलीनीकरण नाकारलं आणि दुसऱ्या हातानं विलीनीकरणवाल्यांना खुर्चीवर बसवलं. आता सांगा, 'जनतेचा कौल' यातला कोणता? दोन्ही. प्रश्न वेगळा होता म्हणून उत्तर वेगळं आलं. कौल हा विचारलेल्या प्रश्नापुरताच असतो, हे मला गोव्याच्या निकालातून कळतं. जिंकलेला माणूस नेमकं हेच विसरतो. तो एका कौलावर पुढची दहा कामं उरकू बघतो.

विलीनीकरणवाल्यांनी पुढंही आपलं म्हणणं सोडलं नाही, मराठीसाठी तर १९८७ च्या राजभाषा कायद्यापर्यंत आणि त्यानंतरही भांडत राहिले. ३० मे १९८७ ला गोवा वेगळं राज्य झालं. पण १९६७ ला फुलावर शिक्का मारणाऱ्यांनी निकालाचा राग दोन पानांवाल्या शेजाऱ्याच्या घरावर काढून प्रदेश पेटवून दिला, असं झालं नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण आता आपण मराठवाड्यात येतोय.

आपल्याला तर मत कुणी विचारलंच नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला, आपण भारतात आलो. १९५३ ला नागपूर करार झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्या १९५६ च्या द्विभाषिक मुंबई राज्याचा निर्णय संसदेनं केला होता. निवडून आलेल्या संसदेनं. तरी आख्खा मराठी मुलूख त्याच्या विरोधात उभा राहिला, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रानं काँग्रेसला दणका दिला, आणि संसदेला आपला निर्णय चार वर्षांत बदलावा लागला. हुतात्मा चौकात आपण हार घालतो ते कुणाला? सरकारच्या निर्णयाविरुद्ध बोंबललेल्या लोकांनाच. तेव्हा 'ठराव झाला की बोलायचं नाही' हे महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. हे राज्यच तसल्या बोलण्यातून जन्माला आलंय.

आता मूळ विषय. नामांतर.

काही जण आत्ताच म्हणतील, कशाला जुनी खपली काढता. माझं म्हणणं असं की खपली निघत नाही, कारण आपण ती कधी नीट बघितलीच नाही. आमच्या वयाच्या लोकांना १९७८ आठवत नाही, जन्म तरी त्यानंतरचा नाहीतर पाळण्यातला. १९९४ मात्र आठवतं. शाळेला सुट्टी, एसटी बंद, मोठी माणसं ओट्यावर हळू आवाजात बोलतायत, आणि आम्ही पोरं खूश की अभ्यास नाही. कशाबद्दल चाललंय ते कुणी सांगितलं नाही. अजूनही आपल्याकडं दोन ओट्यांवर दोन वेगळे इतिहास सांगितले जातात. म्हणून जेवढं पक्कं आहे तेवढं क्रमानं लिहितो.

निजामाच्या राज्यात आपल्या भागातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं. त्या काळी मराठवाड्यात कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी होती. त्या मिलिंदमध्ये फक्त दलित पोरं शिकली असं नाही, मराठवाड्यातल्या सगळ्या जातींची शिकली. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ झालं, उद्घाटनाला पंडित नेहरू आले. नांदेड-लातूरपासून सगळी कॉलेजं त्याखाली. मुखेडच्या पोराची पदवी औरंगाबादेतूनच यायची.

या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, ही मागणी सत्तरच्या दशकात जोर धरू लागली. १८ जुलै १९७८ ला शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले आणि नवव्या दिवशी, २७ जुलैला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव एकमतानं मंजूर केला.

एकमतानं. या एका शब्दावर मी नेहमी अडखळतो. विरोधात एकही मत नाही. म्हणजे मराठवाड्यातल्या आमदारांनीही हात वर केला, नाहीतर निदान गप्प बसले. आणि त्याच दिवसापासून मराठवाडा पेटायला लागला. बंद, रास्ता रोको, रेल्वे अडवणं, एसटी फोडणं. मग चार-दोन दिवसांत ते लोण शहरातून खेड्यात गेलं, आणि खेड्यात गेल्यावर त्याचा रोख बदलला. सरकार मुंबईत, विद्यापीठ औरंगाबादेत. गावात हाताशी होती ती दलित वस्ती. शेकडो गावांत वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, उभी पिकं गेली, विहिरी नासवल्या, माणसं गाव सोडून पळाली. सगळ्यात जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत आपला नांदेड होता, परभणी होता. आपल्या जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात पोचीराम कांबळेंना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जमावानं मारलं. ते विद्यापीठात शिकलेले नव्हते. ठराव त्यांनी केला नव्हता, विधानसभा त्यांनी बघितलीही नसेल. 'जयभीम' म्हणणं सोडलं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा म्हणून आजही सांगितला जातो.

आता विरोधकांचं म्हणणं काय होतं, तेही मांडलं पाहिजे. सगळा विरोध जातीतूनच होता असं सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण पत्रकारानं तो शॉर्टकट घेऊ नये. गोविंदभाई श्रॉफ आणि 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंतराव भालेराव, ही हैदराबाद मुक्तिसंग्रामात तावून सुलाखून निघालेली माणसं. निजामाच्या तुरुंगात गेलेली. त्यांचा नामांतराला विरोध होता. विद्यापीठ हे मराठवाड्याच्या ओळखीचं प्रतीक आहे, मोठ्या कष्टानं मिळालंय, त्यातलं 'मराठवाडा' हे नाव पुसू नका, ही त्यांची भूमिका. त्यामागं मागासलेपणाची खरी जखम होती. चार वर्षांपूर्वीच, १९७४ ला, मराठवाडा विकास आंदोलन झालं होतं, वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी गेले होते. रेल्वे नाही, पाणी नाही, नोकऱ्या नाहीत. मागू ते मुंबई देत नाही, आणि न मागितलेलं मात्र नऊ दिवसांत ठराव करून देते, अशी भावना होती. आमच्या विद्यापीठाचं नाव आम्हाला न विचारता कसं बदललं, हा प्रश्न लोकशाहीत विचारता येतो. मला तो पूर्ण पटत नाही, कारण बाबासाहेबांचं नाव दिल्यानं मराठवाडा लहान कसा होतो हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. पण विचारायचा हक्क होता. सभा घ्यायचा, मोर्चा काढायचा, अग्रलेख लिहायचा, कोर्टात जायचा, पुढच्या निवडणुकीत पाडायचा, सगळा हक्क होता.

मग चुकलं कुठं?

माझ्या मते दोन जागी. पहिली जागा सभागृह. ज्यांना विरोध होता त्यांच्या प्रतिनिधींनी तो तिथं उभं राहून बोलायला पाहिजे होता. 'मला हे मान्य नाही, माझ्या मतदारांना मान्य नाही, कारण अमुक' असं रेकॉर्डवर. दलितांची मतंही हवीत आणि गावातल्या बड्या घरांची मर्जीही हवी, म्हणून मुंबईत हात वर आणि गावात डोळा मारायचा, हा प्रकार झाला. बऱ्याच पक्षांचं तेव्हा तसंच होतं, वर एक आणि खाली एक. विरोधाला सभागृहात जागा मिळाली नाही तर तो हवेत विरत नाही, तो उतारानं खाली वाहत येतो. आणि गावात उतार कोणीकडं असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. वस्ती नेहमी गावाच्या खालच्या अंगाला.

दुसरी जागा म्हणजे नांदेड-परभणीची ही खेडी. तिथं जे झालं त्याला निर्णयाचा निषेध म्हणताच येत नाही. निषेध करायचा तो निर्णय घेणाऱ्याचा. ज्याच्या बाजूनं निर्णय लागला त्याचं घर जाळणं हा निषेध नाही. आणि नुसतं नाव हे कारण होतं, यावर माझा विश्वास नाही. दलित पोरं शिकत होती, नोकरीला लागत होती, बौद्ध झाल्यापासून गावकीची कामं नाकारत होती, गायरानावर हक्क सांगत होती. हा सल आधीचा होता. ठरावानं त्याला निमित्त दिलं, आणि मराठवाड्याच्या अस्मितेनं त्याला चांगला सदरा घातला. गोविंदभाई-अनंतरावांना हे असं व्हावं असं वाटत होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण त्यांच्या अग्रलेखाचा अर्थ खेड्यातल्या जमावानं काय लावला, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं झोपेत सुद्धा विसरू नये असं आहे. आपण काय लिहिलं यासोबत, ते कोण कुठं हातात घेऊन उभा आहे, हेही बघावं लागतं.

आणि सरकारनं काय केलं? ठराव कपाटात ठेवला. रद्द केला नाही, राबवलाही नाही. इथं प्रश्न उलटा फिरतो. सुरुवातीला 'लोकशाही निर्णयाला विरोध करणारे' हे नामांतरविरोधक होते. त्यानंतर साडेपंधरा वर्षं रस्त्यावर उतरले ते नामांतरवादी. आणि त्यांची मागणी काय होती? विधिमंडळानं एकमतानं केलेला निर्णय अमलात आणा, बस. म्हणजे तेच लोक लोकशाही निर्णयाच्या बाजूनं रस्त्यावर होते. नोव्हेंबर १९७९ ला प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. विदर्भ ओलांडत, पायी. खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी अडवला, लाठ्या, धरपकड. सरकारनं स्वतःच केलेल्या ठरावाची आठवण करून द्यायला आलेल्या लोकांना सरकारनंच अडवलं. ब्रिटनमध्ये 'हरलात, गप्प बसा' होतं. आपल्याकडं 'जिंकलात, तरी गप्प बसा' झालं.

इथं बाबासाहेबांचंच एक भाषण मधे येतं, ते टाळून पुढं जाता येणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी शेवटचं मोठं भाषण केलं. त्यात ते म्हणाले की आता संविधान आलंय, सनदशीर मार्ग खुले झालेत, तेव्हा सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग आपण सोडले पाहिजेत. ते अराजकाचं व्याकरण आहे. आजकाल कुठंही आंदोलन झालं की हे एवढंच वाक्य काढून तोंडावर मारतात. मारणारे बहुतेक जण एरवी बाबासाहेबांचं दुसरं काही वाचत नाहीत. त्यांच्या म्हणण्याला अट होती: सनदशीर मार्ग खुले असतील तर. आणि त्याच संविधानात कलम १९ आहे, शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क देणारं. सभा, मोर्चा, निवेदन, कोर्ट हे सगळं सनदशीरच. नामांतराच्या बाबतीत तर सनदशीर मार्ग शेवटपर्यंत चालून झाला होता, ठराव एकमतानं झाला होता, आणि तरी दार बंद होतं. मग माणसानं करायचं काय?

आपल्या नांदेडात गौतम वाघमारे यांनी २५ नोव्हेंबर १९९३ ला स्वतःला पेटवून घेतलं. नामांतर होईना म्हणून. तारीख बघा. संविधान सभेतल्या त्या भाषणाला त्या दिवशी बरोबर ४४ वर्षं झाली होती. हा योगायोगच असणार, पण माझ्या डोक्यातून तो जात नाही. असं कुणी करू नये, जीव देऊन कुठलीच मागणी मागू नये. पण तिथवर माणूस कसा जातो हे विचारायचं असेल तर त्या साडेपंधरा वर्षांच्या कपाटाला विचारा.

१४ जानेवारी १९९४ ला, संक्रांतीच्या दिवशी, शरद पवार पुन्हा मुख्यमंत्री असताना निर्णय झाला. नामांतर नाही, नामविस्तार. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. 'मराठवाडा' राहिलं आणि बाबासाहेबही आले. विरोधकांचा खरा मुद्दा 'मराठवाडा नाव पुसू नका' एवढाच असता तर ही तडजोड १९७८ च्या ऑगस्टात एका बैठकीत झाली असती. कुणीतरी मुंबईहून नांदेडला येऊन बसायला पाहिजे होतं. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, विद्यापीठाचे दोन भाग होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं. आपल्या पोरांची पदवी आता नांदेडहून मिळते. ज्या नावासाठी आपल्या जिल्ह्यात घरं जळाली, त्या विद्यापीठात आता आपल्या जिल्ह्यातलं एकही कॉलेज नाही.

पुन्हा एकदा ब्रिटनकडं, थोडंच. तिथं निकालानंतर साडेतीन वर्षं गोंधळ चालला. निकालाच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या महिला खासदाराचा खून झाला होता, मारणारा उजव्या टोकाचा माणूस. तेव्हा तिकडं सगळं सभ्य होतं असं समजू नका. बाहेर पडायला पार्लमेंटची परवानगी लागेल असं हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं तर एका मोठ्या दैनिकानं पहिल्या पानावर त्यांचे फोटो छापून त्यांना जनतेचे शत्रू ठरवलं. पुढं जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टानंही ८ विरुद्ध ३ नं तेच सांगितलं. लाखोंचे मोर्चे निघाले, मार्च २०१९ च्या एका अर्जावर ६० लाखांच्या वर सह्या झाल्या. पण भांडण मुख्यतः चाललं ते पार्लमेंटात आणि कोर्टात, खासदार आपल्याच पक्षाविरुद्ध उघड उभे राहून मत देत होते. शेवटी डिसेंबर २०१९ ला निवडणूक झाली, ती बाहेर पडणाऱ्यांनी जिंकली, आणि ३१ जानेवारी २०२० ला देश बाहेर पडला. मोर्चेवाले हरले. दोनदा हरले. पण त्यांच्यामुळं काय बिघडलं? मला विचाराल तर काही नाही. कायद्यानं जे पार्लमेंटला विचारायला पाहिजे होतं ते विचारलं गेलं, आणि त्याचं श्रेय गप्प न बसणाऱ्यांना आहे. आपल्याकडं २०२० चे तीन शेतीचे कायदेही संसदेनंच केले होते. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, आणि १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी कायदे मागं घेतो म्हणून सांगितलं. संसद तेव्हाही होती, आजही आहे.

म्हणून परवा एकानं मला विचारलं, "सर, तुमी आंदोलनवाल्यायच्या बाजूनं का ठरावाच्या बाजूनं?" तेव्हा मी त्याला उलट विचारलं की आंदोलन चाललंय कुठं ते आधी सांग. तहसीलसमोर असेल तर मी बातमी करीन, मला पटो न पटो. कुणाच्या दारासमोर असेल तर तीही बातमी करीन, पण वेगळी. तो म्हणला, "म्हंजी तुमी जागा बघता." हाव, जागाच बघतो.

आता एक काम आहे तुमच्याकडं. १९७८ च्या जुलै-ऑगस्टात आपल्या मुखेड, देगलूर, बिलोली, कंधार भागात गावोगाव नेमकं काय झालं, हे लिहिलेलं फार थोडं सापडतं. जे आहे ते मुंबई-पुण्याहून आलेल्या लोकांनी लिहिलेलं. त्यावेळी विशी-पंचविशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेलीत. ज्यांची घरं जळाली तेही, आणि जे मोर्चात होते तेही. दोन्हीकडचे. नाव छापायचं नसेल तर छापणार नाही. निरोप द्या, मी वही घेऊन येतो. बस जात नसेल तर मोटारसायकल आहे.